पेढीची बैठक आणि पायगाडी

व्यापाऱ्याचा धंदा मुळातच बैठकीचा. देवदर्शन आटोपून पेढी उघडावी, तक्क्याला टेकून तुरीचे व उडदाचे भाव ऐकावेत, आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनापर्यंत गादी सोडू नये, हा क्रम आमच्या चिटगुप्प्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पन्नाशी उलटली की या बैठकीची व्याजासह वसुली सुरू होते. पोट सुटते, माडीचा जिना चढताना दम लागतो, रक्तात साखर निघते. तरुणपणी ज्यांनी हुमनाबादेपर्यंत उधारीच्या वसुलीस पायगाडीवरून खेपा घातल्या, त्यांच्याच पायगाड्या आज अडगळीत गंजत आहेत. त्या बाहेर काढाव्यात, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आता वय झाले, ही सबब टिकणारी नाही. फ्रान्समधील रोबेर मार्शां यांनी सायकलीचा नियमित सराव पुन्हा धरला तो सत्तरीच्या उंबरठ्यावर. 2012 साली, शंभरी गाठल्यावर, त्यांनी एका तासात 24 किलोमीटर अंतर कापले. 2014 साली, वयाच्या 102 व्या वर्षी, जवळजवळ 27! दरम्यानच्या शिस्तबद्ध सरावाने त्यांच्या शरीराची प्राणवायू घेण्याची कमाल शक्ती सुमारे 13 टक्क्यांनी वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी तर आपला वैद्यकीय व्यवसाय सांभाळून 2015 साली जोडीने अमेरिका आडवी पार केली. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. आम्हांस तेवढा पल्ला नको. गावाबाहेर अर्धा तास जाऊन परत यावे, तेवढे पुरे.

गुडघेदुखीच्या बंधूंस तर ही सवारी विशेष मानवते, कारण शरीराचा भार बैठकीवर राहतो. मात्र बैठक ठेंगणी नसावी. पायंडल अगदी खाली असता त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ झाला पाहिजे. जोर लावून रेटण्यापेक्षा पाय हलके व भरभर फिरवावेत. चढ आल्यास उतरून चालावे. तरुण मंडळी हसतील, हसू द्यावीत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. मधुमेहाची काही औषधे व इन्सुलिन चालू असता उपाशीपोटी श्रम केल्यास साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, भोवळ येते आणि माणूस रस्त्यावर कोसळतो. पर्युषणात उपवास वा एकाशन करणाऱ्यांनी त्या दिवसांत पायगाडीस विश्रांती द्यावी, आणि औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे. छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असल्यास तपासणीवाचून आरंभच करू नये.

वेळ सूर्योदयानंतरची उत्तम. रस्ता स्वच्छ दिसतो, ईर्यासमितीही सांभाळते. चातुर्मासात ओल्या रस्त्यावर गांडुळे व किडे फार. त्या दिवसांत घरात बसविण्याची व्यायामाची सायकल वापरावी, नाहीतर मंदिरापर्यंत पायीच जावे.