घराचे भाडे आणि गल्लीचा वाटा

गेल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातील जुन्या घरांना एक नवा भाडेकरू लाभला आहे. तो संसार थाटावयास येत नाही. चार-आठ दिवसांसाठी येतो, मोठ्या लवाजम्यानिशी येतो आणि काम आटोपताच निघून जातो. हा भाडेकरू म्हणजे चित्रपटांचा आणि दूरचित्रवाणी मालिकांचा निर्माता. मुंबईतील मढच्या बंगल्यांपासून वाईच्या वाड्यांपर्यंत आणि कोल्हापूरकडील चौसोपी घरांपासून सिंधुदुर्गातील कौलारू घरांपर्यंत त्याचा संचार आहे. या व्यवहाराकडे आजवर आपण कुतूहलाने पाहिले. अमुक नट आमच्या ओसरीवर बसून चहा प्याला, याचे कौतुकही केले. परंतु हा एक आर्थिक व्यवहार आहे, त्यात काही विकले जाते आणि कोणीतरी त्याची किंमत मोजतो, या दृष्टीने त्याचा विचार व्हावयास हवा.

कृष्णाकाठचा बिहार

वाई आणि तिच्या शेजारचे मेणवली हे या व्यवहाराचे सर्वांत परिचित उदाहरण होय. नाना फडणवीसांचा वाडा, त्याला लागून असलेला कृष्णेचा दगडी घाट आणि काठावरची देवळे यांनी मेणवलीला जे रूप दिले आहे, ते चित्रपटसृष्टीने पुरेपूर वापरले. ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटांतील बिहार वाईच्या परिसरात उभा राहिला. ‘स्वदेस’ (२००४) मधील उत्तर प्रदेशातले खेडे मेणवलीच्या घाटावर वसले. ‘दबंग’ (२०१०) मधील उत्तरेकडील गावासाठीही वाईच निवडली गेली. सातारा जिल्ह्यातील एका गावाने अशा रीतीने परप्रांतांची भूमिका वर्षानुवर्षे वठविली आहे.

याचे कारण केवळ सौंदर्य नव्हे. मुंबईहून तंत्रज्ञ व सामग्री मोटारीने काही तासांत वाईला पोहोचते. मुक्कामासाठी पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेले जवळ आहेत. नदी, घाट, देऊळ, वाडा, बाजार आणि शेत ही सारी स्थळे थोडक्या अंतरात सापडतात. चित्रीकरणाचा प्रत्येक दिवस अतिशय खर्चाचा असतो आणि प्रवासात गेलेला तास हा शंभर माणसांच्या मजुरीचा तास असतो. म्हणजे निर्माता वाड्याच्या मालकाला जे पैसे देतो, ते त्याच्या वाचलेल्या प्रवासखर्चाच्या आणि न उभाराव्या लागलेल्या नेपथ्याच्या मानाने ठरतात. घराच्या बांधकामाला किती खर्च आला, याच्याशी त्यांचा काहीही संबंध नसतो.

भाडे कशाचे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जमिनीचा खंड हे जमीनदाराच्या श्रमाचे फळ नसून सुपीकतेतील आणि स्थानातील फरकातून तो निर्माण होतो, हे त्याने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. जुन्या वाड्याचे चित्रीकरणाचे भाडे नेमके याच जातीचे आहे. सागवानी खांब, दगडी जोते, मधला चौक आणि तुळशीवृंदावन असलेले घर आज नव्याने उभारणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. पुरवठा वाढू शकत नाही, किंबहुना दर वर्षी तो घटतोच आहे. त्यामुळे जे टिकले त्याचा भाव वाढतो.

परंतु विचार येथेच थांबविता येणार नाही. कॅमेरा केवळ वाडा पाहत नाही. तो वाड्यासमोरची गल्लीही पाहतो. समोरच्या घरमालकाने उद्या कौले उतरवून त्यावर सिमेंटचे दोन मजले चढविले, तर या वाड्याचा भाव त्याच दिवशी घसरेल. शेजाऱ्याने आपले घर जुनेच ठेवले, मग ते आवडीने असो वा पैशाअभावी, म्हणून या वाड्याला भाडे मिळते. याचा अर्थ, मालकाच्या पदरात पडणाऱ्या रकमेतील काही हिस्सा गल्लीने निर्माण केलेला असतो. आणि त्या गल्लीला काय मिळते? वाळत घातलेले कपडे काढा, दुचाकी दुसरीकडे लावा, मिक्सर बंद ठेवा, मुलांना गप्प करा, अशा सूचना मात्र मिळतात.

वाड्यातील भाडेकरूंची स्थिती याहून चमत्कारिक असते. पुण्यासारख्या शहरांत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने अनेक जुन्या खोल्यांची भाडी गोठली. पुढे १९९९ च्या कायद्याने त्यांत वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ रक्कमच क्षुल्लक असल्याने तिने मालकाचे समाधान होणे शक्य नव्हते. अशा मालकाला चित्रीकरणाच्या एका दिवसात भाडेकरूंच्या वर्षभराच्या भाड्याहून अधिक रक्कम मिळाली, तर त्याने ती नाकारावी असे कोण म्हणेल? मात्र चौकात दिवे लागतात, जिन्यावरून तारा ओढल्या जातात आणि मध्यरात्रीपर्यंत त्याच वाड्यातली परीक्षेची तयारी करणारी मुलगी जागी राहते, तेव्हा त्या गैरसोयीची किंमत व्यवहारात कोठेच धरलेली नसते.

चित्रीकरण संपल्यानंतर

हा भार चित्रीकरणाबरोबर संपतो असेही नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली आणि सिंधुदुर्गातील आकेरी गावचा वाडा पाहण्यासाठी दूरदूरच्या गाड्या येऊ लागल्या. अमेरिकेतील अल्बुकर्की येथील एका साध्या घराची कथा तर जगभर गाजली. ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेत ते घर नायकाचे म्हणून दाखविले गेले. त्यातील एका प्रसंगाची नक्कल म्हणून चाहते घराच्या छपरावर पिझ्झे फेकू लागले. मालिकेच्या निर्मात्याने २०१५ मध्ये जाहीरपणे कानउघाडणी केली; तरीही उपद्रव थांबेना, तेव्हा २०१७ मध्ये घराभोवती कुंपण घालण्याची पाळी त्या कुटुंबावर आली. भाडे काही दिवसांचे आणि उपसर्ग अनेक वर्षांचा, असा हा सौदा होता.

मालकाचीही बाजू दुबळी असते, हे नमूद केले पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी काही वर्षांपूर्वी एका मालिकेचे चित्रीकरण झाले. करार तोंडी होता. भिंतीला खिळे ठोकले गेले, देवघराच्या चौकटीला तैलरंग फासला गेला, चार दिवसांचे सहा झाले आणि वाढीव दिवसांचे पैसे अखेरपर्यंत आले नाहीत. घरातील बायकांनी सहा दिवस शेजारच्या घरी स्वयंपाक केला, त्याचा हिशेब तर कोणी मांडलाच नाही. अनामत रक्कम, कामाचे तास, सामान हलविण्याची जबाबदारी, विजेचा भार, नुकसानीचा विमा आणि घर ज्या स्थितीत घेतले त्याच स्थितीत परत करण्याची अट या साऱ्या बाबी एका कागदावर मावतात. तो कागद होत नाही, कारण येणाऱ्या पाहुण्याला असे विचारणे आपल्याला अप्रशस्त वाटते.

शिवाय हे उत्पन्न भरवशाचे नाही. एप्रिल २०२१ मध्ये महामारीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा अनेक मालिकांनी गोव्याचा आणि इतर राज्यांचा रस्ता धरला. मे महिन्यात गोव्यानेही ते थांबविले. निर्माता आपला संसार ट्रकमध्ये भरून राज्याबाहेर जाऊ शकतो. वाडा जागचा हलू शकत नाही. पैसा अधूनमधून येतो. वाळवी आणि पाऊस मात्र नियमाने येतात. म्हणूनच चित्रीकरणाच्या आधारे वाडे टिकतील, ही आशा अपुरी आहे. आलेल्या रकमेतील ठरावीक भाग कौले, तुळया आणि भिंती यांसाठी बाजूला ठेवण्याची शिस्त असेल, तरच ती काही अंशी खरी ठरेल.

काय करता येईल?

‘घर माझे, भाडे माझे, गावाने त्यात का पडावे?’ हा आक्षेप स्वाभाविक आहे आणि त्यात तथ्यही आहे. जुने घर सांभाळण्याचा खर्च मालक सोसतो. गाव त्याला कौले बदलावयास मदत करीत नाही. परवान्यांचे नवे जंजाळ उभारले, तर निर्माता दुसरे गाव शोधील आणि हातचे उत्पन्न जाईल, ही भीतीही अनाठायी नाही. स्थानिक मजूर, वाहनचालक, खाणावळवाले यांचाही रोजगार त्यात गुंतलेला आहे. परंतु नियम म्हणजे अडवणूक असे समजण्याचे कारण नाही. चित्रपटधंद्याचे माहेरघर असलेल्या लॉस एंजेलिसमध्ये निवासी वस्तीतील चित्रीकरणाची आगाऊ सूचना शेजाऱ्यांना दिली जाते, कामाचे तास ठरलेले असतात आणि त्यांबाहेर काम करावयाचे असल्यास रहिवाशांची मते स्वाक्षऱ्यांसह घ्यावी लागतात. यामुळे तेथील धंदा बुडाला असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडेही तीन साध्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली, चित्रीकरणाच्या करारनाम्याचा एक सोपा मराठी नमुना ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत उपलब्ध असावा. दुसरी, लगतच्या रहिवाशांना व वाड्यातील भाडेकरूंना आगाऊ लेखी सूचना आणि रात्रीच्या कामासाठी त्यांची संमती बंधनकारक असावी. तिसरी, दर दिवसामागे एक माफक शुल्क स्थानिक संस्थेने घ्यावे आणि ते त्याच गल्लीच्या, घाटाच्या, गटारांच्या देखभालीवर खर्चावे. सर्वसाधारण निधीत ते मिसळू नये. शुल्काची रक्कम दारावर फलकावर लिहिलेली असावी, म्हणजे हात ओले करण्याची प्रथा तेथे शिरणार नाही.

मेणवलीचा घाट पडद्यावर बिहार झाला, उत्तर प्रदेश झाला. प्रेक्षकाने त्याला मेणवली म्हणून ओळखले नाही, याची खंत त्या गावाने करू नये. नटाला भूमिकेच्या नावानेच ओळखले जाते. पण नटाला त्याचे मानधन मिळते. गावाच्या रूपावर जे उत्पन्न उभे आहे, त्यातला छोटासा वाटा त्या रूपाच्या जपणुकीसाठी गावाकडे वळावा, एवढीच ही मागणी आहे. ती आज मान्य झाली नाही, तर शेजारची कौले एकेक करून उतरतील. आणि मग वाड्याच्या मालकाकडे भाडे मागण्यासाठी वाडा असेल, परंतु तो भाड्याने घेण्यासाठी कोणी येणार नाही.