पीएच.डी.ची मधली वर्षे

नगर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकते. जमिनीत ओल हवी, वापसा यायला हवा, मगच पाभर चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ज्वारीवर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे सगळे वेळापत्रक या चार आठवड्यांना बांधलेले असते. सल्लागार समितीने संशोधनाचा आराखडा नोव्हेंबरात मंजूर केला, तर कागदावर उशीर दोन महिन्यांचा दिसतो. प्रत्यक्षात तो वर्षाचा असतो, कारण पुढची पेरणी थेट पुढच्या सप्टेंबरात. शिवाय एका हंगामाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढता येत नाही. एखाद्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो, एखाद्या वर्षी काढणीच्या तोंडावर झोडपतो. म्हणून प्रयोग सहसा दोन हंगाम घेतात आणि दोन्ही वर्षांचे आकडे एकत्र तपासतात.

पीएच.डी.विषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते दोन टोकांचे. प्रवेश मिळाला का, आणि नावापुढे डॉक्टर कधी लागणार. मधल्या वर्षांत काय चालते, हे बहुतेक घरांत कुणालाच ठाऊक नसते. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात सारथी या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपवरून चर्चा झाली, तेव्हा पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल विधिमंडळात विचारला गेला. संशोधक विद्यार्थी संतापले आणि त्यांचा संताप योग्यच होता. पण त्या सवालाचे उत्तर द्यायचे, तर ही मधली वर्षे लोकांपुढे मांडावी लागतील.

प्रवेशाचा टप्पा सगळ्यांच्या तोंडपाठ आहे, त्यामुळे तो थोडक्यात. नगर जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अहमदनगर कॉलेज किंवा न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजसारख्या ठिकाणी मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे आहेत. वैद्यकशास्त्रासाठी लोणीचे प्रवरा अभिमत विद्यापीठ आहे, शेतीसाठी राहुरी. विद्यापीठाची पेट परीक्षा असते. जून 2024 पासून नेटचे गुणही प्रवेशासाठी धरता येतात. तसे धरले तर 70 टक्के वजन नेटला आणि 30 टक्के मुलाखतीला. पूर्वी असणारी एम.फिल.ची पायरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने काढून टाकली.

यादीत नाव लागल्याच्या आनंदात विद्यार्थी पुढची गोष्ट घाईने उरकतात, ती म्हणजे गाईड. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. म्हणजे जागा मोजक्याच, आणि ज्यांच्याकडे जागा रिकामी आहे त्यांच्याकडे जायचे, असाच प्रघात पडला आहे. गाईडचा अभ्यास एका विषयात आणि विद्यार्थ्याचा प्रबंध दुसऱ्याच विषयात, असे झाले की पुढची पाच वर्षे दोघेही एकमेकांना टाळत राहतात. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, हा नियम विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे. तो किती जणांना माहीत असतो, कोण जाणे. आपल्या गाईडकडे आधीपासून असलेले विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर आहेत, हे त्यांनाच जाऊन विचारावे. कोणत्याही माहितीपत्रकात ते छापलेले नसते.

मग कोर्सवर्क. किमान 12 क्रेडिटचे, 55 टक्क्यांची अट असलेले. उपस्थितीपुरता हा टप्पा उरकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्याची किंमत तिसऱ्या वर्षी मोजावी लागते. नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी तपासून घ्यायची, कोणती सांख्यिकी कशाला लावायची, हे इथेच शिकायचे असते. कृषी विद्यापीठाची रीत याहून कडक आहे. तिथे मुख्य विषय, दुय्यम विषय, पूरक विषय, सेमिनार असे सगळे पार पाडून प्रिलिम द्यावी लागते, लेखी आणि तोंडी. या तोंडी परीक्षेत समितीसमोर उभे राहून स्वतःच्या विषयाचा पाया सांगावा लागतो. माझ्या मते कला आणि वाणिज्य शाखांनीही ही प्रिलिम उचलावी. काही जण त्यात गळतील, हे खरे. पण सहाव्या वर्षी गळण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी गळलेले बरे.

पीएच.डी.चा खरा कस लागतो तो विषय लहान करण्यात. आपल्याकडे प्रबंधाच्या शीर्षकात अख्खा जिल्हा घालण्याची सवय आहे. सहकारी चळवळीचा जिल्ह्यातला अभ्यास, महिला बचत गटांचा जिल्ह्यातला अभ्यास. चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या डोंगरातला माणूस आणि जामखेडच्या माळावरचा माणूस एकाच प्रश्नावलीत कसा बसवणार?

याच जिल्ह्यात झालेला एक अभ्यास या बाबतीत पुन्हा पुन्हा आठवण्यासारखा आहे. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर दिल्ली विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातले, एम. एन. श्रीनिवास यांनी 1959 मध्ये उभ्या केलेल्या परंपरेतले. साठच्या दशकात डॉक्टरेटच्या क्षेत्रकार्यासाठी त्यांनी कोपरगाव गाठले आणि अभ्यासाला घेतला एकच सहकारी साखर कारखाना. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवल्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. सहकारावर भाषणे पुष्कळ होत होती, अहवाल पुष्कळ निघत होते. बाविस्करांनी विचारलेला प्रश्न साधा होता. ऊस उत्पादक सभासद, संचालक मंडळ, निवडणुका आणि तालुक्याचे राजकारण यांचे आपसातले नाते नेमके कसे चालते?

हे बाहेरून कळत नाही. कारखान्याच्या गावात राहावे लागते, लोकांत बसावे लागते. आणि बसायचे म्हटले की पहिलाच पेच उभा राहतो: कुणाकडे बसायचे? तालुक्यात दोन गट असले, तर पाहुणा कुणाच्या जीपमधून आला, चहा कुणाच्या ओट्यावर घेतला, यावरून तो कुणाचा माणूस हे संध्याकाळपर्यंत ठरून जाते. दुसऱ्या गटाची दारे मग हळूच लागतात. दोन्हीकडे जा-ये ठेवायची, इकडचे तिकडे करायचे नाही आणि तरी दोघांनाही परके वाटायचे नाही, ही कसरत बाविस्करांनी नंतर एका स्वतंत्र लेखात मांडली. श्रीनिवास, ए. एम. शाह आणि ई. ए. रामस्वामी यांनी संपादित केलेल्या 1979 च्या क्षेत्रकार्यविषयक ग्रंथात तो लेख आहे. प्रबंधाचे पुस्तक 1980 मध्ये ऑक्सफर्डने काढले, 'द पॉलिटिक्स ऑफ डेव्हलपमेंट'. कोपरगावच्या मातीत सुरू झालेले काम पुस्तक होऊन वाचकाच्या हाती यायला दशकाहून जास्त काळ गेला. एका तालुक्यातल्या एका कारखान्याचा अभ्यास, पण महाराष्ट्राच्या सहकारावर लिहिणाऱ्याला तो आजही ओलांडून जाता येत नाही.

समाजशास्त्रालाही हंगाम असतो, हे विद्यार्थ्यांना उशिरा उमगते. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड मजुरांवर काम करायचे, तर ती कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. संशोधन सल्लागार समितीची बैठक पुढे ढकलली गेली आणि परवानगी डिसेंबरात आली, तर गावात भेटतात ती म्हातारी माणसे आणि कुलूपबंद घरे. मग फडावर जायचे. तिथे पहाटेपासून तोडणी चाललेली असते आणि प्रश्नावली भरायला थांबले तर मजुराची मजुरी बुडते. त्याचा वेळ कसा घ्यायचा, हा प्रश्न संशोधन पद्धतीचा आहे आणि माणुसकीचाही.

राहुरीच्या शेतावर हीच मधली वर्षे वेगळी दिसतात. ज्वारीच्या ट्रायलमध्ये प्रत्येक ट्रीटमेंटचे तीन-चार रेप्लिकेशन असतात, कुठला प्लॉट कुठे पडणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडे नजरेने न ठरवता निवडायची, त्यांना लेबले बांधायची आणि ठरावीक दिवसांनी त्याच पाच झाडांची उंची, पाने, कणसाची लांबी मोजत जायची. एखादे लेबल वाऱ्याने उडाले किंवा पाखरांनी कणीस टिपले की नोंदवहीत ते तसे लिहावे लागते. काढणीला कडेच्या ओळी आधी वेगळ्या कापतात, कारण कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो आणि त्यांचे उत्पादन फसवे असते. आतल्या नेट प्लॉटचे धान्य तेवढे तोलले जाते. फुले वसुधा, फुले रेवती ही वाणांची नावे शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. तो वाण बांधापर्यंत पोहोचतो, त्याच्या मागे अशा कित्येक वर्षांच्या मोजणीची वही असते. काय दिवे लावणार, या सवालाचे एक उत्तर त्या वहीत आहे.

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहून प्रगती मांडावी, असा नियम आहे. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ सह्यांचा कागद एवढाच उरला आहे, आणि हे मला फार खटकते. सहा महिन्यांत काय जमले नाही हे सांगण्याची तीच एक हक्काची जागा. तिथे खोटी प्रगती दाखवणारा विद्यार्थी आणि ती मान हलवून स्वीकारणारी समिती, दोघे मिळून शेवटच्या वर्षाचा घोळ तयार करतात.

या वर्षांत जमवलेले जपणे हेही कामच आहे. 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत श्रीनिवासांच्या रामपुरा गावावरील टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. स्मरणावर विसंबून त्यांनी 1976 मध्ये 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' लिहिले आणि ते अजरामर झाले. पण तो श्रीनिवासांचा अधिकार. आपण पेन ड्राइव्हवर विसंबू नये. तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि कागदी वही फेकू नये.

लेखनाच्या टप्प्यावर वाङ्मयचौर्याची तपासणी होते. 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. 10 ते 40 टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो, 40 ते 60 ला वर्षभर सादर करता येत नाही, त्यापुढे नोंदणीच रद्द. पूर्वसादरीकरण झाले की प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल अनुकूल आले तर खुली व्हायवा होते. सादर केल्यापासून सहा महिन्यांत हे सगळे संपवावे, असे नियम म्हणतो. परीक्षकांनी सुधारणा सांगितल्या की विद्यार्थी खचतात, पण त्यात नामुष्की नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला होता, डी.एस्सी. मिळाली 1923 मध्ये. कोलंबिया विद्यापीठात तर प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. बाबासाहेब तिथे शिकले 1913 ते 1916, प्रबंध पुस्तकरूपाने निघाला 1925 मध्ये आणि पीएच.डी. हाती आली 1927 मध्ये.

आज मुदत आहे किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. महिलांना पूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे. ती मागायला संकोचू नये. पैशाचे म्हणाल, तर जेआरएफ मिळाली की 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत. पण ज्यांना यातले काहीच मिळत नाही, ते तासिका तत्त्वावर शिकवतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, आणि मानधन महिनोन्महिने लांबलेले. त्यांची पीएच.डी. सहा वर्षांत होत नाही याचा दोष त्यांना देणे हा अन्याय आहे. सरकारने तासिकांचे पैसे दरमहा दिले, तर प्रबंधांचा दर्जा आपोआप वर येईल.

येत्या सत्रात अर्ज भरणार असाल तर आधी तीन गोष्टी करा. शोधगंगेवर आपल्या विषयाचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. त्यातले तीन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. राहुरीच्या किंवा नगरच्या एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला भेटून त्याची नोंदवही पाहायला मागा. आणि आपल्या विषयाचा हंगाम कोणता, ते कॅलेंडरवर लिहून तो कागद पहिल्या भेटीतच गाईडपुढे ठेवा.