पाणी संपलं, पण संपवलं कोणी?

मराठीत पैसा नुसता खर्च होत नाही. तो लागतो, जातो, सरतो, उडतो. आपण तो घालतो, घालवतो, मोडतो, उधळतो, फुंकतो किंवा सत्कारणी लावतो. शंभराची तीच नोट औषधाला ‘लागते’, लॉटरीत ‘जाते’ आणि मित्रांच्या घोळक्यात ‘उडते’. रक्कम एकच, पण क्रियापद बदलले की निवाडा बदलतो. डोंबिवलीत राहून गेली काही वर्षे मी अशी क्रियापदे वहीत टिपते आहे. सोबतीला मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. टिपता टिपता लक्ष अर्थावरून व्याकरणाकडे वळले.

इंग्रज माणूस ‘वी हॅव रन आउट ऑफ वॉटर’ म्हणतो, तेव्हा वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ असतो. आपण म्हणतो, ‘पाणी संपलं.’ इथे कर्ता पाणी. माणूस वाक्यात नाहीच. मराठीला तो आणता येत नाही असे मात्र नाही. संपणे-संपवणे, उडणे-उडवणे, आटणे-आटवणे, झिजणे-झिजवणे अशा जोड्या भाषेने तयार ठेवल्या आहेत. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. यातले कोणते रूप कुठे वापरायचे, ही निवड आपली असते.

ती निवड पाहण्यासारखी आहे. बासुंदीसाठी दूध आपण ‘आटवतो’. विहीर मात्र ‘आटते’. शेजारी चार कूपनलिका कितीही खोल गेल्या, तरी विहीर कोणी आटवली असे सहसा कानावर येत नाही. डोंबिवलीहून रोज मुंबई गाठणारा म्हणतो, ‘प्रवासात तीन तास जातात.’ ते तास कोणी नेले, हा प्रश्न वाक्यात उमटत नाही. तोच माणूस घटकाभर कट्ट्यावर बसला की मात्र ‘वेळ घालवतो’ आणि दोषी ठरतो.

काही ठिकाणी तर आपण झीजच नाकारतो. मंगळसूत्र तुटले असे म्हणायचे नाही, ते ‘वाढले’. नारळ फोडायचा नाही, ‘वाढवायचा’. अशुभ टाळण्याची ही रीत समजण्यासारखी आहे. पण वजाबाकीला बेरजेचे नाव देण्याची सवयही तिच्यातून दिसते.

‘खर्च’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी रोजच्या बोलण्यातला ‘खर्च’ हलला नाही. त्याच्याआधीपासूनचा आपला शब्द ‘वेच’. तुकोबांच्या धन जोडण्याविषयीच्या प्रसिद्ध अभंगात तोच आहे. हा वेच व्ययाच्या कुळातला; गुजरातीत त्याचा सोयरा ‘वेचवुं’ म्हणजे विकणे. फुले वेचणे, तांदळातले खडे वेचणे यांतला ‘वेचणे’ निराळ्या मुळाचा, निवडून गोळा करण्याचा. दोन वेगळे शब्द झिजत झिजत एका उच्चारात मिसळले आणि मराठीला असे क्रियापद मिळाले, ज्याचा एक अर्थ गोळा करणे आणि दुसरा खर्चणे.

खर्चाचा अर्थ आज मुख्यतः एकाच प्रयोगात तगून आहे: ‘आयुष्य वेचले’. शोकसभेत, गौरवग्रंथात तो हमखास भेटतो. त्यात कर्ता ठळक असतो. त्याने ठरवून, जाणतेपणी आपले आयुष्य एखाद्या कामासाठी खर्चले, असा मान त्या क्रियापदातच आहे.

याच्या शेजारी ‘खपणे’ ठेवून पाहा. माल खपतो, रणात माणूस खपतो, असले बोलणे इथे खपणार नाही, आणि बाई घरासाठी खपते. विकले जाणे, मरणे, सहन केले जाणे आणि राबणे हे चारही अर्थ एका शब्दात. त्याचे मूळ संस्कृत ‘क्षि’ धातूपर्यंत नेता येते, ‘क्षय’ तिथलाच. खपणारीने काही खर्चले, असे हे क्रियापद सांगत नाही. ती स्वतःच खर्ची पडते. ‘झिजणे’ही तसेच. चंदनासारखी झिजली म्हणताना चंदन कोणी उगाळले आणि गंध कोणाच्या कपाळी लागले, हे सांगावे लागत नाही.

माझ्या वहीत ‘आयुष्य वेचले’ची बहुतेक वाक्ये पुरुषांविषयीची आहेत आणि ‘खपली’, ‘झिजली’ची जवळजवळ सगळी बायकांविषयीची. एका वहीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण हीच कसोटी वाचक आपल्या घरातल्या बोलण्याला लावू शकतात. महिन्याच्या पगारातून चार पैसे बाजूला काढायचे, डब्यात साठवायचे आणि नेमक्या वेळी मुलांच्या फीसाठी बाहेर काढायचे, हे काम आपोआप होत नाही. त्यात हिशेब असतो, निवड असते, निर्णय असतो.

म्हणून अशा बाईबद्दल ‘ती घरासाठी खपली’ असे लिहिताना मी आता थांबते. जिने आधी गोळा केले आणि मग विचारपूर्वक खर्चले, तिला ‘वेचले’ हे क्रियापद दोन्ही अर्थांनी लागू पडते. आणि जिथे खरोखर दुसऱ्यांनीच तिला राबवून घेतले, तिथे ‘झिजली’पेक्षा ‘झिजवली’ लिहिणे अधिक खरे. भाषेने दोन्ही रूपे दिली आहेत. कर्ता लिहायचा की गाळायचा, एवढेच आपल्या हाती आहे.