घरचे सूप-मिश्रण : उन्हाळ्याची बेगमी, पावसाळ्याचा आधार

शोरबा आपल्या घरांना नवा नाही. रमजानमध्ये इफ्तारला, आजाऱ्याच्या पथ्याला, झडीच्या रात्री भाकरी कुस्करून खायला तो असतोच. नवी आहे ती सुपाची पुडी. खाप्यासारख्या लहान गावातही ती किराणा दुकानात माळेने टांगलेली दिसते. ही पुडी कितीला पडते, तीच वस्तू घरी कशी करावी आणि तिचा लहान धंदा करायचा झाल्यास हिशेब कसा मांडावा, हे या लेखात पाहू.

कोरडे सूप कष्टकऱ्यांसाठीही निघाले. स्वित्झर्लंडमधील पीठगिरणीवाले ज्युलियस मॅगी यांनी १८८० च्या दशकात कडधान्याच्या पिठाचे सूप बाजारात आणले. कारखान्यात जाणाऱ्या बायांना स्वयंपाकाला वेळ नव्हता आणि मजुराला मांस परवडत नव्हते. म्हणजे सुपाचे बळ डाळीत होते. आजच्या पुडीवर घटक वाचा. कायद्याने जो घटक वजनाने जास्त तो आधी छापावा लागतो. बऱ्याच पुड्यांवर मक्याचे पीठ, साखर व मीठ यांची नावे वरच असतात. आणखी एक गोष्ट. हिरवा ठिपका म्हणजे आत मांस-चरबी नाही. मांसाहाराच्या तपकिरी खुणेवरून मात्र जनावर कोणते व जबिहा कसा, हे कळत नाही. घरच्या मिश्रणात हा संशयच उरत नाही.

एक किलो मिश्रणाचे प्रमाण

मसूर डाळ ४०० ग्रॅम, मूग डाळ २०० ग्रॅम, गव्हाचा दलिया १५० ग्रॅम. वाळलेला कांदा ५० ग्रॅम, टोमॅटो ४० ग्रॅम, गाजर ३० ग्रॅम, पालक किंवा मेथी २० ग्रॅम. मीठ ५० ग्रॅम, धने-जिरे पूड २५ ग्रॅम, हळद, मिरपूड व सुंठ प्रत्येकी १० ग्रॅम, वाळल्या लसणाची पूड ५ ग्रॅम.

यासाठी ओला माल साधारण असा लागतो : कांदा अर्धा किलो, टोमॅटो पाऊण किलो, गाजर ३०० ग्रॅम, पालेभाजी पाव किलो. टोमॅटोत पाणीच फार, म्हणून किलोमागे हाती ५०-६० ग्रॅमच येतात. गाजर-टोमॅटो थंडी संपताना स्वस्त असतात तेव्हाच घेऊन वाळवावेत.

डाळी व दलिया मंद आचेवर कोरडे भाजून, गार करून जाडसर दळावे. गाजराच्या पातळ चकत्या दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात काढाव्यात, म्हणजे रंग टिकतो. पालेभाजी सावलीत, बाकी सारे उन्हात वाळवावे. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. हा तापच आपला फुकटचा कारखाना आहे. वर झाकायला पातळ सुती कापड घ्यावे, पण कोरे ठाणातले थेट वापरू नये. त्यात खळ असते. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढावी. रंगीत कापड तर नकोच, ओल्या फोडीला रंग लागतो.

शंभर ग्रॅम मिश्रण एक लिटर थंड पाण्यात कालवून पंधरा मिनिटे ढवळत शिजवले की चार वाट्या सूप होते. यखनीत शिजवल्यास पौष्टिक शोरबा होतो. मांस मात्र मिश्रणात वाळवून घालू नये. ते घरी नीट वाळत नाही आणि खराब झाल्यास जिवावर बेतते. ताजे मांस शिजवतानाच घालावे.

सारी मदार कोरडेपणावर

सुताच्या व्यापारात ओलाव्याची किंमत लवकर कळते. कापसाच्या सुतात साडेआठ टक्के ओलावा प्रमाण मानतात. त्याहून ओले सूत घेतले तर पाण्याचे पैसे मोजले असे समजावे. सुतात नुकसान पैशाचे, अन्नात प्रकृतीचेही. आमच्या घरी एका वर्षी मिश्रण उन्हातून उचलून गरम असतानाच बरणीत भरले. आतली वाफ झाकणाला धरली आणि आषाढात बरणी उघडली तर पांढरी बुरशी. पाच किलो माल फेकावा लागला.

म्हणून तीन परीक्षा कराव्यात. गाजराची चकती वाकू नये, कडकन मोडावी. पाला चुरगळताच भुगा व्हावा. टोमॅटो चिवट राहिला तर आणखी ऊन द्यावे. त्यानंतर वाळलेल्या भाज्या गार करून आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवाव्यात. काचेवर दमटपणा दिसला की पुन्हा वाळवाव्यात. मगच मसाला व डाळी मिसळून लहान हवाबंद डब्यांत भराव्यात. डब्यावर तारीख लिहावी. बुरशीचा वास आल्यास वरचे काढून खालचे वापरू नये, सारे टाकावे.

कुरआनात हजरत युसूफ (अ.स.) यांच्या हकिकतीत दुष्काळाच्या तयारीसाठी धान्य कणसातच राखण्याची तदबीर सांगितली आहे. साठवण करणाऱ्याला त्यात मोठा धडा आहे : सुकाळातच राखावे आणि जपून राखावे.

हिशेब

समजा, १२ ग्रॅमची पुडी १० रुपयांना मिळते. किलोचा भाव ८३३ रुपये झाला. आता घरचे पाहू. भाव आपल्या गावचे घालावेत, मी उदाहरणादाखल धरतो. डाळी १२० रुपये किलोने ७२ रुपये, दलिया ९, कांदा १५, टोमॅटो १५, गाजर ९, पालेभाजी १०, मीठ-मसाला ३०, गॅस व दळण १०. एकूण १७० रुपये किलो. म्हणजे एक वाटी सव्वाचार रुपयांत, आणि त्या वाटीत डाळ जास्त.

घरासाठी हा हिशेब पुरे आहे. विक्रीसाठी नाही, कारण त्यात निवडणे, चिरणे, वाळवणे ही मेहनत धरलेली नाही. हातमागाच्या धंद्यात हीच चूक झाली. विणकराने सुताचे पैसे धरले, स्वतःची मजुरी कशीबशी धरली; पण बायको-मुली दिवसभर कांड्या भरत त्याची किंमत कधी लावली नाही. लुगडे त्यामुळे स्वस्त विकले गेले आणि घर कर्जात राहिले. सुपाच्या पुडीत तीच चूक पुन्हा करू नये. दहा किलोला किती तास लागले ते वहीत लिहावे, गावच्या रोजंदारीने त्याची मजुरी धरावी. त्यावर पुडीचा, वाहतुकीचा व दुकानदाराच्या कमिशनचा खर्च चढवावा. ती मजुरी जिने काम केले तिच्याच हाती द्यावी. इतके करून भाव बाजारात चालत नसेल, तर मिश्रण घरापुरते करावे. तोट्यात विकू नये.

विकायचे ठरल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली नोंदणी लागते, मग धंदा घरगुती असला तरी. पुडीवर नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व मुदतीची तारीख आणि किंमत छापावी. वजनात एक ग्रॅमही कमी भरू नये. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात किती कडक ताकीद आहे, हे व्यापाऱ्याला सांगणे नको.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू झाला आणि पुढची काही वर्षे थंडीतच येईल. इफ्तारला गरम सूप हवेसे वाटण्याचे हे दिवस. ऊन उन्हाळ्यात मिळते, गिऱ्हाईक थंडीत. दोहोंमध्ये संपूर्ण पावसाळा आहे. म्हणून पहिल्या वर्षी एकच किलो करावे. ते झडीतून कोरडे निघाले, तरच पुढच्या वर्षी दहा किलोचा विचार करावा.