शेततळ्याचं अनुदान: पैसे खड्ड्याचे की पाण्याचे?

सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याच्या बाजूला गेलात, तर डाळिंबाच्या बागांशेजारी प्लास्टिक अंथरलेली मोठी चौकोनी तळी दिसतात. ही शेततळी. आज आपण त्यांच्या अनुदानाकडे बघणार आहोत. जलसंधारणासाठी निघालेला सरकारी पैसा शिवारात पोचेपर्यंत कसा वळण घेतो, हे इथे स्वच्छ दिसतं.

आधी थोडं मागे जाऊ. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. पाऊस कमी, तोही बेभरवशाचा, तेव्हा पाणी आणि माती जागच्या जागी अडवायची, हा तिथला धडा. पुढे १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि समपातळी बांधबंदिस्तीला जोर आला. समपातळी बांध गट नंबर बघत नाही, जमिनीचा उतार बघतो. वरच्या शेतात जिरलेलं पाणी खालच्याच्या विहिरीलाही लागतं.

शेततळं मात्र एका सातबाऱ्यावरचं काम. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तेव्हा किमान ०.६० हेक्टर जमीन लागायची, अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये होतं. सगळ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं होतं, खोली ३ मीटर. कडा उतरत्या धरल्या तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एखाद-दुसरं पाणी द्यायचं, अशी मूळ कल्पना.

आता गंमत बघा. पैसे मिळतात ते खोदकामाच्या मापावर. लांबी, रुंदी, खोली मोजली जाते; पाणी कुठून आलं याचं माप कुणी घेत नाही. पाणी आत यायला वाटच नाही, अशा तळ्यांनाही योजनेत मुभा होती. मग ते भरायचं कशानं? विहिरीनं, नाहीतर बोअरनं. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या अशाच वापराकडे बोट दाखवलं होतं.

यात शेतकऱ्याला चोर ठरवणं सोपं आहे, पण आम्हाला ते पटत नाही. बाग कर्जावर उभी असते आणि मे महिन्यात टँकर परवडत नाही. शिवाय आपण उपसलं नाही तर शेजारी उपसणारच, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. झळ बसते ती ज्याच्याकडे दीडच एकर आहे, प्लास्टिकला पैसे नाहीत, त्याच्या विहिरीला.

त्यात भूगर्भात सावलीला असलेलं पाणी आपण वर काढून सोलापूरच्या उन्हात ठेवतो. काठोकाठ भरलेल्या मोठ्या तळ्यातून दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडालं असं धरा. ९०० चौरस मीटरचे झाले ९ हजार लिटर. रोजचे. जवळजवळ एक टँकर.

उपाय काय? अनुदानाचा शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर द्यावा, वाहतं पाणी तळ्यात आलेलं बघून. यात माळावरच्या, ओघळ नसलेल्या शेतकऱ्याची अडचण होईल, हे खरं. त्याच्यासाठी सामुदायिक शेततळं हा मार्ग आहे. पण तेही विहिरीवरच भरायचं असेल, तर कुणी किती उपसायचं हे खोदाईआधी ग्रामसभेत ठरायला हवं.