भाकर, ताक आणि हळदीचा उन्हाळा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तोही ऐन उन्हाळ्यात. पण इथल्या उन्हाळ्यातल्या खाण्यापिण्याचा हिशेब मांडायचा तर १९७२च्या दुष्काळापर्यंत मागे जावे लागते. खडी फोडायच्या कामावर तेव्हा सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिला नावे ठेवतच लोकांनी तिची भाकर खाल्ली. पर्याय नव्हता.

एरवी सेनगाव-कळमनुरीच्या कोरडवाहू घरात उन्हाळ्याचे जेवण ठरलेले असे. ज्वारीची भाकर, जवसाची किंवा कारळाची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा, कधी आंबील आणि दुपारी मीठ घातलेले ताक. प्रकृतीसाठी म्हणून हे कोणी खात नव्हते. घरात पिकायचे ते ताटात यायचे. घामावाटे जाणारे पाणी आणि मीठ त्यातूनच भरून निघे.

ही घडी विस्कटली, आणि त्याचा दोष लोक पोरांच्या जिभेला देतात. मला तो पटत नाही. कारण शेतात आहे. १९९०नंतर मराठवाड्यात सोयाबीन पसरत गेले. खरिपाची ज्वारी परतीच्या पावसात काळी पडायची, पाखरे राखावी लागायची, वर भाव नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत रोख पैसे देते. शेतकऱ्याने केले ते व्यवहाराला धरूनच होते. मात्र ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्यावाचून दावणीची जनावरे घटली आणि जनावरांमागोमाग घरचे ताकही आटले. सोयाबीन गिरणीला जाते, चुलीवर येत नाही. रेशनचा गहू-तांदूळ पोट भरतो. ताकाची जागा चहाने आणि थंड बाटलीने घेतली.

दुसरी गोष्ट अंगमेहनतीची. उन्हाळ्यात हालचाल ठेवा, सकाळी फिरायला जा, हा सल्ला शहरी माणसाला ठीक आहे. वसमतच्या हळदीच्या रानात तो कोणाला देणार? येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांमुळे पूर्णेचे पाणी कालव्यांनी या भागात आले आणि हळदीला बळ मिळाले. २०२४मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिचे सगळे कष्टाचे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येते. कंद खणायचे, बाया ते वेचणार, मग शिजवण, उन्हात वाळवण, शेवटी पॉलिश. पूर्वी कढईत शिजवायचे, आता बॉयलर आला; वेळ वाचला, वाफेची धग तीच. वर चाळिशी ओलांडलेला पारा. अशा माणसाला हवी असते सावली, पाणी आणि पोटात टिकणारे अन्न. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, तो शहरासाठी. आपल्या रानात पहाटे कामाला लागून ऊन चढायच्या आत उरकणे हाच आराखडा, आणि तो मालकाच्या मर्जीवर चालतो.

पुन्हा ज्वारीकडे वळू. मधल्या काळात परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली; २०१८मध्ये ती प्रसारित झाली. २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्षच होते. त्या वर्षी मोठ्या हॉटेलांत ज्वारीचे कौतुक झाले, हे बरेच म्हणायचे. खरी आशा वाटते ती उन्हाळी ज्वारीची. पाणी असलेले शेतकरी अलीकडे ती पुन्हा पेरू लागले आहेत, बरेचसे चाऱ्यासाठी. ओढ कडब्याची असली तरी दाणे घरातच येतात.

तेव्हा ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी अर्धा एकर ज्वारीला ठेवावा. आणि हळदीवर मजूर लावणाऱ्यांनी मजुरीबरोबर एक ताडपत्रीची सावली आणि मीठ घातलेल्या ताकाची घागर द्यावी. हळदीच्या भावात तेवढे नक्की बसते.