आधी उतार, मग चढ

गेल्या दिवाळीत जर्मनीहून लेकीचा फोन आला. फराळाचा डबा पोचल्याचं सांगून झालं, चकल्या मोडल्याची तक्रार झाली आणि मग ती सहज म्हणाली, ''बाबा, जानेवारीत आम्ही येतोय. पंधरा दिवस. यावेळी नुसतं घरी बसायचं नाही. मुलांना लोणार दाखवू या.''

आमच्या घरात 'लोणार' हा शब्द बावीस-तेवीस वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. मी हिच्याकडे पाहिलं. ही निवडत असलेल्या मेथीकडे बघत राहिली.

त्याला कारण आहे. लेक नऊ वर्षांची असताना मी तिला, हिला आणि माझ्या आईला घेऊन लोणारला गेलो होतो, ऐन मे महिन्यात. सुट्टी तेव्हाच असते ना! परभणीचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना मे म्हणजे काय ते सांगायला नको. एसटीनं पोचेपर्यंत दहा वाजले. आई वर धारेपाशी बसली आणि आम्ही तिघं खाली उतरलो. उतरताना काय, पाय आपोआप पडतात. झाडी, माकडं, मोर, पडक्या देवळांच्या सावल्या. लेक पुढे पळत होती. तळ्याकाठी तासभर रमलो आणि साडेबाराला परत निघालो. दोन बाटल्या पाणी होतं, ते खालीच संपलेलं. एवढं थोरलं तळं समोर, पण त्यातला घोटही पिण्याजोगा नाही! खारं आणि सोड्यासारखं तीव्र पाणी. ना त्यात मासा, ना ते कोणाच्या तोंडी लागत.

अर्ध्या चढावर लेक बसली. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. मग उलटी झाली. मी तिला खांद्यावर घेतलं आणि दहा-दहा पावलांवर थांबत चढू लागलो. देवीच्या दर्शनाहून परतणारी एक म्हातारी मागून आली. तिनं आपल्या तांब्यातलं पाणी लेकीच्या डोक्यावर ओतलं, पदर भिजवून तिच्या मानेवर ठेवला आणि मला म्हणाली, ''लेकराले काहून एवढ्या उन्हात आनलं?'' या प्रश्नाला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. धारेखाली अर्धा तास बसवल्यावर पोर डोळे उघडून नीट बोलली. परतीच्या एसटीत ही माझ्याशी अवाक्षर बोलली नाही.

म्हणून लेकीनंच लोणारचं नाव काढावं याचं मला नवल वाटलं. तसं तिला म्हणालो, तर हसून म्हणाली, ''बाबा, मला फक्त मोर आठवतात. आणि खांद्यावरून दिसणारं तळं.''

आदल्या वर्षी हीच मुलगी नवरा आणि दोन मुलांसह टेनेरीफला जाऊन आली होती. अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ स्पेनची कॅनरी बेटं आहेत. त्यांतलं हे सर्वांत मोठं. सगळी बेटं ज्वालामुखीतून वर आलेली. त्यांतल्याच ला पाल्मा बेटावर २०२१ साली सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत लाव्हा वाहत होता. गावंच्या गावं आणि केळीचे मळे त्याखाली गेले. आपल्याकडच्या टीव्हीवरही ते दिसलं होतं. टेनेरीफवर मात्र १९०९ नंतर उद्रेक नाही. तिथला तेईदे हा पर्वत ३,७१५ मीटर उंच आहे. केबलकार ३,५५५ मीटरपर्यंत नेते आणि त्यापुढे शिखरावर जायचं तर आधी परवाना काढावा लागतो.

आपण प्रवासाला निघतो तेव्हा काय करतो? तिकिटं काढतो, चिवडा करतो आणि 'तिथं गेल्यावर बघू' म्हणतो. लेकीची वही पाहिली आणि मी गप्प झालो. पायी चालायच्या सुट्टीचं तिनं केलेलं नियोजन म्हणजे जवळजवळ शेतीचं वेळापत्रक होतं. धाकटी पाच वर्षांची, तेव्हा एका दिवसात किती चालेल? किती वेळानं तिला काहीतरी खायला लागेल? समुद्राकाठी ऊन आणि वर बोचरी थंडी, मग कपडे कोणते? तिथं मास्का नावाची एक घळ आहे. डोंगरातल्या गावापासून थेट समुद्रापर्यंत उतरणारी. पूर्वी बहुतेक लोक ती उतरून खालून बोटीनं परतत. २०१८ साली ती बंद केली. २०२१ मध्ये उघडली ती नियम घालूनच. आधी नोंदणी करा, डोक्यावर हेल्मेट घाला, पायात डोंगरात चालायचे बूट हवेत. लेकीनं मुलं लहान म्हणून ही घळ यादीतून सरळ काढून टाकली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'आधी उतार, मग चढ. उलटं असतं तर चाललं असतं.'

डोंगर आधी चढायचा असतो तेव्हा माणूस दमला की तिथूनच मागे फिरतो. खड्ड्यात उतरायचं असतं तेव्हा दमल्याचं कळतं ते तळाशी पोचल्यावर. लोणारचं विवर सुमारे १,८०० मीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. ही खोली म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत, आणि तीही दिवसाच्या उत्तरार्धात चढायची. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं.

नातू फोनवर म्हणाला, ''आबा, तुमच्याकडे व्होल्केनो नाही ना?'' मी म्हटलं, ''बाळा, आम्ही त्याच्यावरच राहतो!'' त्याला ते खोटं वाटलं. पण खरंच, परभणीच्या विहिरींत मुरुमाखाली जो काळा कातळ लागतो तो थिजलेला लाव्हाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर असा पसरत गेला. आज उरलेला त्याचा विस्तारच जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. टेनेरीफ त्याच्यापुढे कालचं पोर! तो कातळ झिजून आपली काळी कसदार जमीन झाली. आपली ज्वारी आणि कापूस त्याच राखेवर पोसलेत म्हणा ना. ज्या विस्तवानं हे केलं तो आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असावा, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे चूल तिथंच राहिली आणि तवा सरकत सरकत इकडे आला.

गंमत अशी की लोणारचा खड्डाही फार काळ ज्वालामुखीचंच मुख समजला जाई. सगळी जमीनच लाव्हाची म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळातून काढलेल्या दगडांत अशी काच दाखवली, जी फक्त प्रचंड आघातानंच तयार होते. आकाशातून पडलेल्या उल्केनं हा खड्डा केला, हे त्यानंतर मान्य झालं. त्याचं वय पूर्वी ५२ हजार वर्षं सांगत. पुढे झालेल्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या घरात निघालं. लवणासुराला विष्णूनं इथंच मारलं, ही गोष्ट आईनं लेकीला सांगितली होती. नातवाला दोन्ही सांगेन. त्याला कोणती आवडेल ते मला आत्ताच माहीत आहे.

तर बेत असा ठरत गेला. पहिला प्रश्न महिन्याचा. दिवाळीच्या सुट्टीत शेतकरी घरांना उसंत कुठली? कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी डोक्यावर असते. मे तर बादच. उरले डिसेंबर-जानेवारी. परभणीची थंडी त्या दिवसांत वर्तमानपत्रात येण्याइतकी पडते, सकाळी दात वाजतात, पण अकरापर्यंत चालायला याहून चांगली हवा नाही. शिवाय शेतात हुरडा असतो. आपल्या शाळांना तेव्हा मोठी सुट्टी नसते, पण शनिवार-रविवार पुरे होतात. एका दमात सगळं उरकायचा हट्ट मात्र सोडायला हवा. आमच्या जुन्या सहलीत लोणार पाहून त्याच रात्री घरी परतायचं होतं, म्हणून तर भरदुपारी चढलो.

पहिला दिवस जिंतूरच्या बाजूला. परभणीहून ४५ किलोमीटरवर जिंतूर, आणि गावाजवळच नेमगिरीचा डोंगर. तिथली जैन लेणी आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली असतील, शंकाच आहे. आत वाकून जावं लागतं, ते मुलांना भारी आवडतं. छोट्याशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती पाहून मोठी माणसंही खाली बघत राहतात की हिला आधार आहे कशाचा! चढ थोडा आहे, आणि तो आधी आहे. कोण किती चालतं ते इथं कळतं. इथं कोणाचा गुडघा बोलायला लागला तर दुसऱ्या दिवशी त्यानं खाली उतरायचं नाही, असा नियम मी केलाय. पुढे चारठाणा. जुनी मंदिरं, बारव आणि उंच दगडी स्तंभ. जेवण तिथंच कुठल्या तरी झाडाखाली. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. दिवस हाताशी असेल तर पूर्णेवरचं येलदरी धरण, नाहीतर नाही. मुक्काम लोणारला.

(सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव या रस्त्यावर येत नाही, म्हणून गाळावी लागली. पायऱ्या गोल गोल फिरत खाली जातात. गावकऱ्यांनी ती गाळ उपसून मोकळी केली. तिच्यासाठी वेगळा रविवार ठेवलाय.)

दुसऱ्या दिवशी सात वाजता खाली उतरायला सुरुवात, आणि साडेदहाला सगळी वर. मध्ये काहीही राहिलं तरी राहू द्यायचं. प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पाठीवर, मोठ्यांना दोन लिटर आणि मुलांना एक. त्यातलं निम्मं परतीच्या चढासाठी, त्याला तळाशी हात लावायचा नाही. लिंबू, मीठ, साखर माझ्या पिशवीत. पायात चप्पल नको. गळालेल्या पाल्यावरून टाच घसरते. मोहोळ दिसलं तर आवाज नाही, धूर नाही. माकडांपुढे खाऊची पुडी उघडायची नाही, हे नातवाला दोनदा सांगावं लागेल.

कागदावर हे सगळं छान दिसतं. पण एकदा पोळलेला माणूस कागदावर विश्वास ठेवत नाही. नोव्हेंबरात मी आणि माझा एक जुना मित्र गुपचूप जाऊन आलो. घरी सांगितलं, मेहकरला लग्न आहे. धारेपासून खाली जायला मला पस्तीस मिनिटं लागली, वर यायला एक तास पाच मिनिटं. चार वेळा बसलो. नातवंडं सोबत असतील तर दीड तास धरायला हवा. आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली म्हणून कळली. तळ्याचं पाणी चढलेलं होतं. जिथून आम्ही तेव्हा सहज फिरलो होतो ती काठाची वाट जागोजागी बुडालेली. तळ्याला वळसा घालायचा माझा बेत तिथंच संपला. जूनमध्ये कधी गेलो असतो तर आणखी वेगळं तळं दिसलं असतं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं. खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळं रामसर यादीत गेलं, म्हणजे जगानं जपण्याजोग्या पाणथळ जागांत. हे अभयारण्य आहे, तेव्हा दगड, काचेचे मणी, काही काही उचलून आणायचं नाही. नातवाला खिसे भरायची सवय आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

लग्नाची थाप दोन दिवस टिकली. बुटांना लागलेली माती हिनं ओळखली. पण रागावली नाही. ''किती वेळ लागला चढायला?'' एवढंच विचारलं. मी खरा आकडा सांगितला. तिनं मनाशी काही हिशेब केला.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर चालतो. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, आता पाऊण. मागच्या सोमवारपासून मी पाठीवर दोन बाटल्या घेतो. ओळखीचे लोक विचारतात, ''कुठं निघाले मास्तर?'' हिनं सुरुवातीला सांगितलं होतं की मी खाली येणार नाही. आई बसली तशी धारेपाशी बसेन, दैत्यसूदनाचं देऊळ निवांत बघेन. तेही मी बेतात धरलं होतं. खाली न जाणाऱ्या माणसाचीही सकाळ चांगली जायला हवी, नाहीतर वर बसून तो फक्त घड्याळ बघतो.

काल मात्र बाजारातून आली ती पिशवीत कॅनव्हासचे बूट घेऊन. तिच्या मापाचे. मी विचारलं तर म्हणाली, ''मॉर्निंग वॉकला.'' लेकीला मी कळवलंय की सहा माणसांचं पाणी भरायचं की पाचांचं, ते अजून नक्की नाही.